तिसऱ्या बोटाची जागा

१

राजाभाऊ मुळ्यांच्या वर्कशॉपात एक नियम होता आणि तो कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. नळी तयार झाली, तपासून झाली, कागदावर तेवढी सही राहिली, की ती बर्फाच्या पाण्यातून काढायची, फडक्याने पुसायची आणि मुठीत घट्ट धरून शंभर आकडे मोजायचे. नळीच्या अंगावर ओळीने सहा सेन्सर. माणसाची मूठ त्यांतल्या चारांवर बसते, एकेका सेन्सरवर एकेक बोट. कॉम्प्युटरवर चार रेघा शून्यापासून वर चढायला लागल्या की समजायचं, नळी ठीक आहे. उरलेले दोन सेन्सर मुठीच्या वर, उघड्या हवेत. ते आपले सावकाश खोलीच्या तापमानाला येतात. एवढीच ती चाचणी. राजाभाऊ तिला 'मूठ' म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. सगळे म्हणजे कोण, तर राजाभाऊ, त्यांच्या हाताखाली काम करणारी अक्षया आणि चहा घेऊन येणाऱ्या राजाभाऊंच्या पत्नी आनंदीबाई.

या नळ्या जातात कुठे, हे ऐकलं की माणसं आधी हसतात. किनाऱ्यापासून लांब, साडेतीन हजार मीटर पाण्याखाली, समुद्राच्या तळाला शास्त्रज्ञांनी एक भोक पाडून ठेवलं आहे. तेलासाठी नव्हे, नुसतं जाणून घेण्यासाठी. तळाखाली आणखी दीडशे मीटर ते जातं. त्यात नळी सोडायची, वरून पक्कं बूच मारायचं आणि वर्षभर विसरून जायचं. ती तिथे बसून दर मिनिटाला तापमान टिपते. आत काही हलत नाही, काही बदलत नाही. दिवाळीला अकरा पूर्णांक चार अंश, शिमग्याला अकरा पूर्णांक चार, नारळी पौर्णिमेला वर समुद्र खवळलेला असला तरी खाली आपलं तेवढंच.

रत्नागिरीजवळच्या भाट्यासारख्या ठिकाणी हे काम कसं आलं, तर राजाभाऊंच्या मागोमाग आलं. मुंबईत उपकरणांच्या कारखान्यात तीस वर्षं काढून ते घरी परतले, तेव्हा जुन्या ओळखीच्या एका संस्थेने सांगितलं, नळ्या तुम्हीच करा, कुठेही बसून करा. मग घरामागे चिऱ्याच्या भिंतींची एक खोली उठली. तिच्या खिडकीतून सुरूची झाडं दिसतात आणि समुद्र ऐकू येतो. तरुणपणी लेथवर राजाभाऊंच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट गेलं, एक पेर तेवढं उरलं. त्यामुळे त्यांच्या मुठीत तिसऱ्या सेन्सरवर बोटच पडत नसे. तीन रेघा झटकन वर जात आणि तिसरी त्यांच्या मागून कुरकुरत. राजाभाऊंची मूठ पडद्यावर कुणीही ओळखावी.

अक्षया मूळची जयगडची. नवरा संदेश तिथल्या बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर, आठवड्यातून दोन दिवस घरी यायचा. लेक आरोही पहिलीत. शाळा सुटली की ती आनंदीबाईंच्या ओट्यावर बसून जे पुढ्यात येईल ते खायची. अक्षयाला सहा वर्षं झाली होती इथे आणि खरं सांगायचं तर तिचं उत्तम चाललं होतं. काम आवडीचं, माणसं मायेची, घर दोन आवारं पलीकडे. खुपत होती ती एकच गोष्ट. राजाभाऊ तिला नळीचं सगळं करू देत, अगदी बारीकातली बारीक जोडणीसुद्धा, पण मूठ घेऊ देत नसत. विचारलं की म्हणायचे, तुझी मूठ अजून पक्की व्हायचीय.

ऑक्टोबरात राजाभाऊ आणि आनंदीबाई मालगुंडला भाच्याच्या वास्तुशांतीला गेले. आठव्या नंबरची नळी शनिवारी दुपारी तयार झाली. ती पुढच्या गुरुवारी टेम्पोने जायची होती, तेव्हा घाई कसलीच नव्हती. पण खोलीत कुणी नव्हतं, बर्फ समोर होता आणि अक्षयाचा हात शिवशिवत होता. तिने नळी पुसली, मुठीत धरली, शंभर मोजले. चार रेघा खांद्याला खांदा लावून वर चढल्या, एकही मागे नाही. तिला इतकं बरं वाटलं की तिने मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून संदेशला पाठवला आणि मुठीचा कागदही रिवाजाप्रमाणे संस्थेला धाडून दिला. मग नळी पेटीत ठेवून पेटी लावून टाकली. काकांना सावकाश सांगू, असं तिने ठरवलं.

२

सांगायचं राहून गेलं, कारण सोमवारी सात नंबर परत आली.

ती गेल्या नोव्हेंबरात भोकात गेली होती आणि पंधरा दिवसांपूर्वी जहाजाने तिला वर काढलं होतं. एरवी काढलेल्या नळ्या परस्पर संस्थेत जात. या वेळी संस्थेतल्या ऋत्विकने ती इकडे पाठवली. आतल्या नोंदीत काहीतरी गडबड दिसते, तुम्हीच उघडून बघा, असा त्याचा निरोप होता. पोरगा हुशार आणि सरळ. गडबड म्हणजे काय, हे त्याने लिहिलं नव्हतं. बहुतेक त्यालाही लिहिता आलं नसावं.

राजाभाऊ बँकेच्या कामाला रत्नागिरीत गेले होते. अक्षयाने नळी उघडली, तार जोडली, अकरा महिन्यांची नोंद पडद्यावर ओढली. सहा रेघा, एकावर एक बसलेल्या, अकरा पूर्णांक चारवर आडव्या पडलेल्या. नोव्हेंबर तसाच गेला. डिसेंबरच्या बारा तारखेला रेघांवर एक काटा उभा होता. नळीवर कुठेतरी गंज धरला असेल, असं म्हणत तिने तो भाग मोठा करून पाहिला.

पहिली, दुसरी आणि चौथी रेघ दोन मिनिटांत तेहतीस अंशांवर गेली होती. तिसरी त्यांच्या मागून कुरकुरत.

अक्षयाने खुर्ची मागे सरकवली. बाहेर आनंदीबाई नारळ सोलत होत्या, सोलण्याचा ओळखीचा करकर आवाज येत होता. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पुढे सरकवलं. एकोणीस डिसेंबर. चोवीस डिसेंबर. जानेवारीत पाच वेळा. एकूण त्रेसष्ट वेळा, साडेतीन हजार मीटर पाण्याखाली, बूच मारलेल्या भोकात, कुणीतरी मूठ घेतली होती.

३

आता अक्षया काही भुताखेतांच्या गोष्टींनी घाबरणारी बाई नाही. तिने पदर खोचला आणि एकेक कारण खोडत बसली.

पहिलं कारण सरळ होतं. वर्कशॉपातल्या जुन्या नोंदी पुसायच्या राहिल्या असतील आणि त्या मध्येच मिसळल्या असतील. पण वर्कशॉपातली मूठ बर्फातून निघते, म्हणजे शून्यापासून चढते. या सगळ्या मुठी अकरा पूर्णांक चारपासून चढल्या होत्या. अशी मूठ या खोलीत कधी कुणी घेतलीच नव्हती. दुसरं कारण, घड्याळ चुकलं असेल. तिने ते तपासलं, वर्षभरात चार सेकंदांचा फरक. तिसरं, खालून कुठून तरी गरम पाणी झिरपलं असेल. झिरपेलही, पण ते सहाही सेन्सरना भिजवील. तिसऱ्याच्या वाट्याला कमी यायला पाण्याचं त्याच्याशी काय वैर?

मंगळवारी तिने त्या त्रेसष्ट वेळा कागदावर उतरवल्या. सगळ्या दुपारच्या, पावणेदोननंतर सुरू झालेल्या आणि एक सोडली तर साडेतीनच्या आत संपलेल्या. घरात ही वेळ सगळ्यांना पाठ होती. जेवण झालं की राजाभाऊ पडवीतल्या आरामखुर्चीत पडत, उजवा हात खुर्चीच्या बाहेर लोंबकळलेला, आणि चहाचा वास आला की उठत.

कागद जसजसा भरत गेला तसं तिच्या लक्षात आलं की मुठी लांबत चालल्या होत्या. डिसेंबरातली दोन मिनिटांची. मेमध्ये वीस मिनिटांची. ऑगस्टात पाऊण तास. आणि मूठ जेवढी लांब, तेवढा हात गार. तेहतीसचे तीस झाले, तिसाचे सव्वीस. नऊ सप्टेंबरला एक तास पन्नास मिनिटं आणि हाताचं तापमान एकोणीस.

ती तारीख तिला शोधावी लागली नाही. त्या दिवशी चहा गार झाला तरी राजाभाऊ उठले नव्हते. आनंदीबाईंनी हाका मारल्या, अक्षया वर्कशॉपातून धावत गेली, रत्नागिरीहून डॉक्टर आले. ते येईपर्यंत राजाभाऊ आपोआप जागे झाले आणि सगळ्यांकडे बघून गोड हसले. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली असेल. त्या दिवशी त्यांचा उजवा हात फ्रीजमधून काढल्यासारखा होता. आनंदीबाईंनी तो दोन्ही हातांत धरून चोळला होता.

आणखी एक गोष्ट होती. ती तिने शेवटपर्यंत पुढे ढकलली, कारण तिचं स्पष्टीकरण काही केल्या सुचत नव्हतं. जूनपासून पुढच्या मुठींत वरचे दोन सेन्सर हलत होते. माणसाची मूठ जिथे पोचत नाही ते दोन. ते तापत नव्हते, उतरत होते, अकरा पूर्णांक चारवरून नवावर. भोवतालच्या खडकाहून गार असं त्या भोकात काही असू शकत नाही. पण राजाभाऊंच्या बोटांच्या वर, बरोब्बर त्याच वेळी, ते होतं. मूठ सुटली की तेही जाई.

बुधवारी चहा देताना आनंदीबाई सहज म्हणाल्या, की यांची दुपारची झोप पार उडालीय. पंधरा दिवस झाले, नुसते खुर्चीत पडून आढ्याकडे बघतात. अक्षयाने मनातल्या मनात हिशेब केला. सात नंबर वर निघाली त्याला पंधराच दिवस झाले होते.

४

गुरुवारी लवू टेम्पो घेऊन चारला येणार होता. जेवणं झाली, राजाभाऊ पडवीत बसले. अक्षयाने समोर स्टूल ओढलं आणि कागद त्यांच्या मांडीवर ठेवले. ते चकित होतील, निदान हसतील, अशी तिची अटकळ होती. त्यांनी चष्मा लावला, तिसऱ्या रेघेवरून ते उरलेलं पेर फिरवलं आणि मान डोलावली. कुणी ओळखीच्या गावाचा फोटो दाखवावा, तसं ते कागदाकडे बघत राहिले.

“डोळा लागतो आणि मुठीत नळी असते,” ते म्हणाले. “एवढंच. पाणी नाही, धाप नाही, भीती नाही. गार आणि गप्प. सत्तर वर्षांत मला एवढी छान झोप लागली नव्हती गो.”

आधीच्या नळ्यांच्या वेळीही असं क्वचित व्हायचं, हे त्यांनीच सांगितलं. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दुपारी, क्षणभर. स्वप्नच असेल अशी ते मनाची समजूत घालत, पण ती पुरती पटत नसे. त्या नळ्यांच्या नोंदी त्यांनी पाहिल्याच नव्हत्या. अक्षयाने वरच्या दोन रेघांवर बोट ठेवलं आणि हे काय, म्हणून विचारलं.

“ते पावसाळ्यात सुरू झालं. माझ्या मुठीवर कुणीतरी मूठ धरतं. पोराला पाटीवर गिरवायला शिकवताना आपण त्याचा हात धरतो ना, तशी.”

“कुणी म्हणजे कोण, काका?”

“बघितलं नाही. हात मोठा आहे.”

पडवीत ऑक्टोबरचा उकाडा मावत नव्हता. अक्षयाच्या पाठीवरून घाम ओघळत होता, तरी तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. राजाभाऊंनी मात्र कागद नीट घडी करून तिला परत दिले, घड्याळ पाहिलं आणि कामाचं बोलायला लागले. लवू चारला येईल, आठव्या नळीची मूठ राहिलीय, बर्फ काढून ठेवलायस ना?

तेव्हा ती म्हणाली, “मूठ झाली, काका. शनिवारी मी घेतली.”

राजाभाऊ मुळ्यांनी सहा वर्षांत तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. त्यांच्या तोंडावरचा रंग तेवढा गेला. सहा वर्षं तुला मूठ घेऊ दिली नाही ती तुझा हात कच्चा होता म्हणून का, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं, की शेवटची मूठ ज्याची, नळी त्याची. असं त्यांना वाटत होतं. खात्री नव्हती, आणि विचारणार तरी कोणाला.

अक्षयाला पहिली आठवली ती आरोही. रविवारी दुपारी दोघी चटईवर झोपत आणि आरोही आईचं बोट मुठीत धरून झोपे. त्या बोटाचं तापमान एकोणीस अंश झालेलं तिला दिसलं, आणि ती घाबरली.

५

राजाभाऊ म्हणत होते, पेटी उघड, मी वरून मूठ घेतो, तुझी पुसली जाईल. अक्षया म्हणत होती, नळीच बाद करू, संस्थेला कळवू, पाठवायचीच नाही. दोघंही आपापल्या परीने दुसऱ्याला वाचवत होते, आणि वाद तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण राजाभाऊ तिच्याकडे न बघता पुटपुटले.

“बाद कशाला करतेस? पंधरा दिवस मी जागा आहे गो.”

त्या आवाजातली ओढ ऐकून तिला त्यांचीच भीती वाटली. ती उठली. पडवीत आणि वर्कशॉपात फोनला रेंज नसते, विहिरीपाशी जावं लागतं. तिथे उभं राहून तिने ऋत्विकला फोन लावला आणि आठ नंबर बाद करायचीय म्हणून सांगितलं. दोष काय, असं त्याने विचारलं. ती गडबडली आणि तोंडाला आलं ते बोलली, तिसरा सेन्सर मागे राहतो. ऋत्विक हसला. तुमच्या प्रत्येक नळीच्या कागदावर तिसरा मागेच असतो, आम्ही इथे त्याला रत्नागिरीची सही म्हणतो, उलट या वेळी तो बरोबर आला याचंच नवल वाटलं, असं तो म्हणाला. जहाज रविवारी सुटतंय, दुसरी नळी नाही, तेव्हा एक तरी धड कारण दे. तिने फोन ठेवला आणि मागे वळली, तर पडवीतली खुर्ची रिकामी होती.

वर्कशॉपाचं दार उघडं होतं. पेटी उघडलेली, तार जोडलेली, बर्फाच्या बादलीतून पाणी सांडलेलं. राजाभाऊ स्टुलावर ताठ बसले होते, डोळे मिटलेले, उजव्या मुठीत आठ नंबर. ओठ हलत होते. पस्तीस, छत्तीस. पडद्यावर त्यांच्या ओळखीच्या रेघा होत्या, तीन पुढे आणि तिसरी मागून. आणि वरचे दोन सेन्सर. ते खोलीच्या एकतीस अंशांकडे चढायला निघाले होते, अठरापर्यंत गेले होते, आणि आता खाली येत होते. सोळा. तेरा. दहा. नवावर येऊन ते थांबले.

अक्षयाने हाक मारली. राजाभाऊंच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही, उलट ते हसले. एकेचाळीस, बेचाळीस. मग तिने पुढे होऊन नळीच पाहिली.

बर्फातून काढलेल्या नळीवर हवेतला ओलावा धरतो, गार पाण्याच्या तांब्यावर धरतो तसा. मुठीच्या वर नळी दवाने पांढरी झाली होती. त्या दवात कोरडे पट्टे होते. एकाखाली एक चार, प्रत्येक पट्टा अक्षयाच्या दोन बोटांएवढा रुंद. शेवटचा पट्टा नळी सोडून राजाभाऊंच्या मनगटावर आला होता आणि तिथली कातडी दबून पांढरी पडली होती. ती बघत असताना ते पट्टे किंचित सरकले. पकड घट्ट करताना सरकतात तेवढेच.

ती ओरडली की नाही, हे तिला पुढे कधी आठवलं नाही. तिने राजाभाऊंच्या मुठीवर झडप घातली आणि बोटं उघडायला लागली. बोटं निघेनात. तिने नखं खुपसली, ओढलं, आणि कुठेतरी तिचं बोट त्यांच्या मुठीत रुतलं. वर, तिच्या हातावर, काहीतरी येऊन टेकलं. त्याचं वजन नव्हतं. तिला दुखलंही नाही. नुसता गारवा, आणि कान बंद झाल्यावर वाटतं तशी शांतता. समुद्राचा आवाज गेला. किती वेळ गेला ते तिला सांगता यायचं नाही.

“शंभर,” राजाभाऊ म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. मूठ सुटली. नळीवर दवाचे थेंब सारखे पसरलेले होते आणि वरच्या दोन रेघा मुकाट्याने एकतीसकडे चढत होत्या.

त्यांनी नवा कागद काढून स्वतः सही केली. अक्षयाला नळी हिसकावून घेता आली असती. जमिनीवर आपटता आली असती, आणि मग ऋत्विकला कारणही मिळालं असतं. ती दाराला टेकून उभी राहिली आणि काहीच केलं नाही. आरोहीची आई सुटली, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. तिला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. चारला लवू आला, पेटी टेम्पोत चढवली आणि आनंदीबाईंचा चहा पिऊन गेला.

६

तर मंडळी, यानंतर काही वाईट झालं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. उलट सगळ्यांचं छान चाललं.

आठ नंबर नोव्हेंबरात भोकात गेली. या वेळी संस्थेने नवी सोय केली होती. तळावरच्या पेटीतून नोंदी वर तरंगणाऱ्या बोयापर्यंत येत, तिथून उपग्रहाने संस्थेत आणि रोज संध्याकाळी सहाला अक्षयाच्या मेलवर. ती रोज फाइल उघडून बघे. दुपारी दोनच्या सुमाराला तीन रेघा उठत, तिसरी मागून येई. वरच्या दोन नवावर जात. पाऊण तासाने सगळं पुन्हा अकरा पूर्णांक चारवर. पुढे पुढे तिला त्याची सवय झाली, शेजारच्या घरातला दिवा लागला की आपण बघतो आणि आपल्या कामाला लागतो तसं.

राजाभाऊंची झोप परत आली. आनंदीबाई खूश होत्या. त्यांनी खुर्चीच्या हातावर एक लोकरीचा हातमोजा ठेवला होता, जाग आली की तो त्या नवऱ्याच्या उजव्या हातात चढवत. वयच झालं, रक्त सगळीकडे पोचत नाही, असं म्हणत. त्यांना काय काय माहीत होतं, हे अक्षयाने विचारलं नाही. राजाभाऊंनी नवव्या नळीचं आरेखन तिच्यावर सोपवलं. मुठीचं मात्र दोघांनी नाव काढलं नाही.

जानेवारीत एका रविवारी संदेश घरी होता. त्याने सुरमई आणली होती, जेवण अंमळ जास्तच झालं. तो बाहेर गाडी धूत बसला. अक्षया आणि आरोही चटईवर आडव्या झाल्या. अक्षयाला लगेच डोळा लागला, आणि तो असा लागला की संध्याकाळ कधी झाली ते कळलं नाही. आरोहीने हलवून उठवलं तेव्हा चार वाजून गेले होते.

“आई, तुझं एकच बोट गार कसं गं?”

अक्षयाने हात हलवून पाहिला. खरंच, उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तेवढं बधिर झालं होतं. हात अंगाखाली आला असेल, असं तिने सांगितलं. तिने ते बोट काखेत धरलं, उठून चहा टाकला. दहा मिनिटांत ते पूर्ववत झालं.

रविवारची फाइल तिने सोमवारी सकाळी उघडली. खोलीत ऊन आलं होतं, पडवीतून राजाभाऊंचा पेपर वाचल्याचा आवाज येत होता. दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी पहिली, दुसरी आणि चौथी रेघ उठली होती, सावकाश, बावीस अंशांपर्यंत. आता राजाभाऊंची मूठ तेवढीच तापायची. तिसरी रेघ मागे नव्हती. ती या तिघींना खाली सोडून सरळ चौतीसवर गेली होती आणि तिथे दोन तास थांबली होती.

अक्षयाने स्वतःचा हात समोर धरला. त्या दिवशी राजाभाऊंची मूठ सोडवताना तिचं एक बोट आत रुतलं होतं. कुठे, ते तिला आता आठवलं. त्यांच्या मुठीत रिकामी जागा एकच होती, आणि तिच्या बोटाखाली लोखंड लागलं होतं, गार आणि गुळगुळीत.

तिने पडद्यावरची फाइल बंद केली. कारणं खोडायला ती या खेपेला बसली नाही. भीती होती, नव्हती असं नाही. पण काल तिला झोप फार छान लागली होती, एवढी छान की लग्नाआधी माहेरीही कधी लागली नसेल, आणि हेही तिला कबूल करावं लागलं. मग तिने नवव्या नळीचं काम पुढे ओढलं, आणि त्याआधी, उगाचच, पुढचा रविवार किती दिवसांवर आहे ते बोटांवर मोजलं.